‘केव्हीएम म्हणजे नुसता डबा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला बरीच वर्षे जसाच्या तसा पुढे सरकवला जातो. त्याचा आशय असा : नेटवर्कला जोडलेला केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माउस) स्विच म्हणजे कीबोर्ड, माउस आणि पडदा यांच्या वायरी लांब करणारा डबा, त्यात माहिती साठत नाही, तेव्हा चोरीला जाण्यासारखे काही नाही, सिरियल केबल जोडावी, टर्मिनल मेनूतून आयपी पत्ता द्यावा आणि बाकी सगळे कारखान्यातून आले तसेच ठेवावे, टेलनेट (दूरच्या यंत्रावर आज्ञा टाइप करण्याची जुनी पद्धत) सुरू राहिले तरी चालते, कारण सारे फायरवॉलच्या आत आहे, आणि मेनूला पासवर्ड मुळीच लावू नये, नाहीतर ऐन अडचणीत आपणच बाहेर अडकतो. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे तपासताना फारसे टिकत नाहीत.

पहिला मुद्दा : त्यात माहितीच नसते. साधा केव्हीएम वापरायला माणसाला रॅकपर्यंत चालत जावे लागते. नेटवर्कवरचा केव्हीएम सर्व्हरच्या पडद्यावरचे चित्र अंकीय रूपात दूरवर पाठवतो आणि तिकडे दाबलेली प्रत्येक कळ सर्व्हरला समोरच्या कीबोर्डची कळ म्हणून देतो. सर्व्हरच्या लेखी तो माणूस पुढ्यातच बसलेला असतो. त्यामुळे एसएसएचवर (दूरवरून सर्व्हरवर शिरण्याच्या कूटबद्ध वाटेवर) आपण लावलेली सगळी बंधने, म्हणजे केवळ किल्लीनेच प्रवेश, ठरावीक पत्त्यांनाच परवानगी, चुकीच्या प्रयत्नांनंतर अडवणूक, या वाटेवर लागूच होत नाहीत.

रात्री कोणी तातडीची दुरुस्ती केली, काम झाल्यावर केव्हीएमची खिडकी बंद केली आणि तो झोपायला गेला, असे समजा. खिडकी बंद झाली, पण सर्व्हरच्या कन्सोलवर (त्याच्या स्वतःच्या पडद्यावर) रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, ‘#’ चिन्ह तसेच लुकलुकत राहिले, कारण तिथून बाहेर पडायची आज्ञा कोणी दिलीच नव्हती. सकाळी त्याच पोर्टवर जो येईल, त्याच्यासमोर पासवर्ड न विचारता तेच चिन्ह उभे असेल. चिन्ह नसले तरी फार फरक पडत नाही. बहुतेक लिनक्स वितरणांत कन्सोलवर कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. यंत्र सुरू करणाऱ्या ग्रब या बूटलोडरच्या मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत एक छोटी भर घातली, की बूटलोडरला पासवर्ड नसेल आणि डिस्क कूटबद्ध नसेल तर थेट रूटचे शेल मिळते. ज्या केव्हीएममध्ये दूरवरून डिस्कची प्रतिमा जोडण्याची सोय असते, तिथे तर सर्व्हर आपल्याच प्रतिमेवरून सुरू करता येतो. आणि डिस्क कूटबद्ध असेल, तर सुरू होताना तिचा सांकेतिक वाक्यांश टाइप करतात तो कुठून जातो? याच डब्यातून. शिवाय डब्यात काहीच साठत नाही हेही पूर्ण खरे नाही : वापरकर्त्यांची खाती, कधी एलडॅप निर्देशिकेशी (संस्थेतल्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीशी) बोलण्याचा पासवर्ड, आणि कोणत्या पोर्टवर कोणता सर्व्हर आहे याची नावानिशी यादी त्यातच असते. घुसखोराला ती यादी म्हणजे आयता नकाशाच.

दुसरा मुद्दा : आयपी द्या आणि बाकी तसेच सोडा. हा सल्ला देणारे बहुधा मेनूच्या पहिल्या ओळीच्या पुढे गेलेलेच नसतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

नेटवर्कची केबल लावण्याआधी सिरियल केबल लावावी. पुटी किंवा मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्राममध्ये बहुधा ९६०० वेग, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी जुळणी चालते. काही नव्या उपकरणांत वेग १,१५,२०० असतो. पडद्यावर विचित्र चिन्हांचा चिवडा दिसला तर वेग जुळलेला नाही. पडदा कोराच राहिला तर आधी एंटर दाबून पाहावे, कारण काही उपकरणे त्याशिवाय मेनू काढतच नाहीत. तरीही कोरा राहिला तर सरळ केबलच्या जागी नल मोडेम केबल (जिच्यात पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेल्या असतात) हवी किंवा त्याच्या उलट. मेनू नीट दिसतो पण कळा मात्र उमटत नाहीत, तेव्हा टर्मिनल प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (तारांवरच्या खुणांनी माहितीचा ओघ थांबवण्याची सोय) सुरू राहिलेला असण्याची शक्यता मोठी. माझ्या अनुभवात ‘उपकरण बिघडले’ म्हणून घोषित झालेल्या कितीतरी प्रकरणांचे मूळ या चारांतच निघाले आहे.

मेनू उघडल्यावर पत्ता स्थिर द्यावा, डीएचसीपीवर (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेवर) सोडू नये. ज्या दिवशी केव्हीएमची गरज पडते त्याच दिवशी त्याचा पत्ता शोधत बसावे लागणे याहून वाईट काही नाही. गेटवे (दुसऱ्या नेटवर्कांकडे जाण्याच्या दाराचा पत्ता) भरताना मात्र क्षणभर थांबावे. केव्हीएम केवळ व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमधूनच (वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कमधूनच) वापरायचा असेल आणि मेनू परवानगी देत असेल, तर गेटवे रिकामा ठेवता येतो. तसे केल्यावर उपकरण आपल्या सबनेटबाहेर (नेटवर्कच्या आपल्या तुकड्याबाहेर) उत्तरच पाठवू शकत नाही. फायरवॉलचे नियम त्यामुळे अनावश्यक ठरत नाहीत, पण ते नियम कोणी चुकून सैल केले तर ही एक कडी शाबूत राहते.

मग मूळ खाते. त्याचे नाव आणि पासवर्ड कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात आणि ती पुस्तिका कोणीही उतरवून घेऊ शकतो, म्हणून पत्त्यानंतर पहिले काम तो पासवर्ड बदलणे हेच. त्यानंतर सेवा : टेलनेट आणि साधे एचटीटीपी बंद, एचटीटीपीएस आणि हवे असल्यास एसएसएच सुरू. एसएनएमपी (उपकरणांवर दुरून देखरेख ठेवण्याची सेवा) वापरत नसाल तर बंद. वापरत असाल तर तिसरी आवृत्ती, कारण पहिल्या दोन आवृत्त्यांत एक साधा शब्दच पासवर्डचे काम करतो, तो न बदलल्यास बहुधा ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा जगजाहीर असतो आणि तोही उघडा जातो. फर्मवेअर (उपकरणाची आतली आज्ञावली) मेनूतून टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने चढवायचे असेल, तर त्या पद्धतीत ओळख पटवण्याची सोयच नाही हे लक्षात ठेवून टीएफटीपीचा सर्व्हर कामापुरताच सुरू करावा.

आणखी एक गोष्ट, जी हमखास चुकते. काही उपकरणांत हे बदल मेनूतून बाहेर पडून उपकरण पुन्हा सुरू करेपर्यंत लागू होत नाहीत. टेलनेटपुढे ‘बंद’ असे दिसले म्हणून समाधान मानू नये. दुसऱ्या यंत्रावरून टेलनेटच्या २३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करून पाहावी आणि ती नाकारली जाते याची खात्री झाल्यावरच केबल रॅकमध्ये बांधावी.

तिसरा मुद्दा : फायरवॉलच्या आत टेलनेट चालते. टेलनेटचे १९८३ मधले मानक वाचले तर त्यात कूटबद्धतेचा विचारच नाही. टाइप केलेले अक्षर वायरीवरून तसेच्या तसे जाते. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठात तातू यिलोनेन यांनी एसएसएच लिहिले, ते विद्यापीठाच्या स्वतःच्याच नेटवर्कवर पासवर्ड टिपले जात असल्याचे उघड झाल्यानंतर. म्हणजे ‘आतल्या’ नेटवर्कवर विसंबण्याची किंमत कळल्यावरच हे साधन जन्माला आले. सीमेवरचा फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला अडवतो. एकाच नेटवर्कवरच्या दोन शेजाऱ्यांमध्ये काय चालले आहे हे तो पाहत नाही. त्यामुळे केव्हीएमची जागा वेगळ्या व्यवस्थापन नेटवर्कवर आणि तिथे पोहोचण्याची वाट एकाच नोंद ठेवणाऱ्या यंत्रातून किंवा व्हीपीएनमधून (कूटबद्ध खासगी जोडणीतून) असावी.

‘टेलनेट नाही, आम्ही व्हीएनसी (दूरचा पडदा दाखवणारी पद्धत) वापरतो’ हेही उत्तर पुरेसे नाही. व्हीएनसीच्या जुन्या पासवर्ड पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जातात आणि प्रवेशानंतरचे चित्र व कळा उघड्याच जातात. काही केव्हीएममध्ये कीबोर्ड-माउसची कूटबद्धता आणि चित्राची कूटबद्धता हे दोन वेगळे पर्याय असतात. पहिला सुरू करून दुसरा विसरला, तर पडद्यावरची मजकुराची फाइल कोणीही वाचू शकते. एचटीटीपीएसमागच्या टीएलएस या कूटबद्धतेच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाल्या. जे उपकरण त्यापुढे जाणतच नाही, त्याला व्हीपीएनच्या आड ठेवणे किंवा बदलणे एवढेच हातात उरते.

राहिला तो अर्धा खरा मुद्दा. सिरियल मेनू ही शेवटची वाट आहे, आणि तिचा पासवर्ड हरवला तर काही उपकरणे कारखान्याच्या मूळ स्थितीला नेण्यावाचून गत्यंतर नसते, हे मान्यच आहे. परंतु पासवर्ड नसलेल्या मेनूतून लॅपटॉप आणि केबल घेऊन आलेला माणूस दोन मिनिटांत मुख्य खात्याचा पासवर्ड बदलू शकतो. खोलीत शिरलेला माणूस हवे ते करू शकतो, मग पासवर्डचा उपयोग काय, असे म्हटले जाते. तो वायर उपटू शकतो हे खरे, पण ते लगेच लक्षात येते. शांतपणे वाढवलेले एक खाते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक ठिकाणी हा सिरियल पोर्ट मोकळा नसतोच, तो इतर उपकरणांच्या सिरियल पोर्टांबरोबर एका नेटवर्कवरच्या कन्सोल सर्व्हरला (अनेक सिरियल पोर्ट नेटवर्कवरून वापरू देणाऱ्या उपकरणाला) जोडलेला असतो. तिथे ‘खोलीत यावे लागेल’ हा आधारच निघून जातो आणि पासवर्ड नसलेला मेनू नेटवर्कवर उघडा पडतो.

अडकण्याची भीती रास्त असेल तर तिच्यावरचा उपाय कागदाचा आहे. मेनूचा पासवर्ड लिहून बंद लिफाफ्यात, सही करून, कुलूपबंद कपाटात ठेवावा. उपकरणाच्या मांडणीची (सेटिंग्जची) प्रत काढून तीही पासवर्डइतकीच जपावी. आणि उपकरण वापरात आणण्यापूर्वी एकदा पासवर्ड विसरल्याचे समजून उपकरणाचा ताबा परत मिळवण्याची कृती प्रत्यक्ष करून पाहावी. लिफाफा कोणत्याही कारणाने फोडला गेला, तर त्यातला पासवर्ड त्याच दिवशी बदलून नवा लिफाफा बंद करावा.