गुरूचा उल्लेख हवा होता

व्हान डेर म्युलेनवरचा लेख आवडला, पण फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या दरबारातल्या या युद्धचित्रकाराबद्दल लिहिताना पीटर स्नायर्सचं नावही आलं नाही याची रुखरुख लागली. ब्रुसेल्समध्ये म्युलेन त्याच्याच हाताखाली शिकला.

स्नायर्स मूळचा अँटवर्पचा, जन्म १५९२. त्याची वेढ्यांची चित्रं जरूर पाहा. क्षितिज खूप वर, आणि खाली अख्खा मुलूख नकाशासारखा पसरलेला: खंदक, मोर्चे, छावण्या, नदीची वळणं. अगदी पुढच्या कडेला टेकडीवर घोडेस्वार. तिथूनच आपणही लढाई पाहतोय असं वाटतं. सेनापती पिकोलोमिनीसाठी काढलेली त्याची चित्रमालिका व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे.

म्युलेनने ही रचना उचलली आणि त्यात हवा भरली. क्षितिज खाली आणलं, आभाळ मोकळं केलं. मोहिमांवर जाऊन शहरांची प्रत्यक्ष रेखाटनं केली, त्यांवरून मोठी चित्रं झाली, पॅरिसमधल्या गोब्लँच्या विणकाम-कारखान्यात राजाच्या इतिहासाचे भिंतपडदे विणले गेले.

मला मात्र एक गोष्ट छळते. १६६४ मध्ये तो पॅरिसला गेला आणि तीनच वर्षांत लुईने स्पॅनिश नेदरलँड्सवर (स्पेनच्या ताब्यातला, साधारण आजच्या बेल्जियमचा मुलूख), म्हणजे याच्याच मायभूमीवर, चाल केली. तुर्ने, दुए, लील ही शहरं पडली आणि ती पडताना रंगवायचं काम या ब्रुसेल्सच्या माणसाकडे आलं! त्या चित्रांत गावांची घरं, चर्चचे मनोरे इतक्या मायेने काढलेत की माझी नजर राजाच्या घोड्यावर ठरतच नाही.