कापडी पिशवीसुद्धा नवीन आणू नका

प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायच्या असं घरात ठरलं की लोक पहिलं काम काय करतात, तर बाजारात जाऊन दोन-चार छान कापडी पिशव्या विकत आणतात, वर पर्यावरणाबद्दल काहीतरी छापलेल्या असतील तर अजूनच बरं. मला याची गंमतही वाटते आणि थोडी चीडही येते, कारण पिशव्या कमी करायला निघालेल्या माणसाच्या घरात पहिल्याच दिवशी चार पिशव्या वाढलेल्या असतात. माझं म्हणणं सरळ आहे, नवीन पिशवी घरात येता कामा नये, प्लास्टिकची नको तशी कापडाचीही नको. जेवढ्या लागतात तेवढ्या घरात आधीच पडून आहेत.

पटत नसेल तर सिंकखाली नाहीतर दारामागे जी पिशव्यांनी भरलेली पिशवी असते ना, ती एकदा जमिनीवर उलटी करा. जवळजवळ प्रत्येक घरात असतेच. त्यात काय निघतं बघा. हात लावला की चुरचुर आवाज करणाऱ्या पातळ कॅरीबॅगा, रोलवरून फाडून घेतलेल्या पारदर्शक पिशव्या ज्यांना इतकी घट्ट गाठ मारलेली असते की कात्रीने कापूनच उघडाव्या लागल्या आणि आता त्या कशाच्याच कामाच्या नाहीत, मग त्या जाड गुळगुळीत, दुकानाचं नाव छापलेल्या, ज्या आपण "चांगली आहे, राहू दे" म्हणून घडी घालून ठेवतो आणि नंतर कधीच बाहेर काढत नाही. आणि सगळ्यात खाली त्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या, नॉन-वोव्हन म्हणतात त्या. बरेच जण त्यांना कापडीच समजतात. ते कापड नाहीये, पॉलिप्रॉपिलीन आहे म्हणजे प्लास्टिकच, फक्त विणल्यासारखं दिसतं. उन्हात बरेच महिने राहिली तर चोळल्यावर तिचा भुगा हाताला लागतो, आणि तो भुगा वेचून गोळा करणं कुणाच्या बापाला जमणार नाही.

मूळ प्लास्टिकची पिशवी काही वाईट हेतूने आलेली नव्हती. स्वीडनच्या एका कंपनीतल्या स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या इंजिनिअरने ती आज दिसते तशी, बनियनच्या आकाराची, एकसंध बनवली आणि १९६५ मध्ये तिचं पेटंट झालं. त्यांच्या मुलाने नंतर सांगितलंय की कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात म्हणून वडिलांनी टिकाऊ पर्याय शोधला होता आणि ते स्वतः एक पिशवी घडी करून कायम खिशात ठेवायचे. म्हणजे ती पुन्हा पुन्हा वापरायची म्हणूनच केलेली वस्तू होती. आपण ती एकदा वापरून फेकायची करून टाकली.

आता कापडी पिशवीकडे येतो. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये पिशव्यांचा सगळा हिशोब मांडलेला अहवाल काढला होता, कच्च्या मालापासून शेवटी कचऱ्यात जाईपर्यंत किती कार्बन हवेत सुटतो असा. त्यात पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरली असं धरलं तर तिच्या बरोबरीला यायला कागदी पिशवी ३ वेळा, जाड प्लास्टिकची ४ वेळा, नॉन-वोव्हन ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. एकशे एकतीस! आणि तीच पातळ पिशवी जर नंतर कचऱ्याच्या डब्याला आतून लावायला पुन्हा वापरली तर सुती पिशवीचा आकडा ३२७ वर जातो. कापसाला पाणी, खत, शेत, सूत, रंग सगळं लागतं ना. त्यामुळे आठवड्यातून एकदा नेली जाणारी सुती पिशवी दोन-अडीच वर्षं चालली पाहिजे, आणि घरात अशा दहा असतील तर... करा तुम्हीच हिशोब.

हा आकडा नाचवून "बघा, प्लास्टिकच चांगलं" म्हणणारेही भेटतात, त्यांना हे सांगा की तो हिशोब फक्त कार्बनचा आहे. गटारात अडकलेली पिशवी, जनावराच्या पोटात गेलेली पिशवी, समुद्रात जाऊन तुकडे तुकडे होणारी पिशवी त्यात धरलेली नाहीये. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरात या पातळ पिशव्यांनी गटारं तुंबवली होती, आणि २००२ मध्ये त्यांच्यावर देशभर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला. शिवाय या पिशव्या रिसायकल होतील म्हणून डब्यात टाकल्या तरी त्या सॉर्टिंगच्या मशीनमध्ये फिरत्या भागांना गुंडाळल्या जातात आणि मशीन बंद करून माणसाला त्या सुरीने कापून काढाव्या लागतात. तेव्हा प्लास्टिक नकोच, पण त्याच्या जागी नवीन खरेदी हा उपाय नाही. ब्रिटनमध्येच पातळ पिशवीला पैसे लावल्यावर दुकानांनी जाड, "आयुष्यभर वापरा" म्हणून पिशव्या विकायला काढल्या आणि २०१९ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थांनी हिशोब केला तर वर्षाला घरामागे ५४ पिशव्या निघाल्या. एका वर्षात चोपन्न आयुष्यं!

मग घरात करायचं काय. माझ्या मते हा पर्यावरणावरच्या प्रेमाचा प्रश्न कमी आणि पिशवी कुठे ठेवलीय याचा जास्त आहे. कपाटात नीट रचून ठेवलेली पिशवी दुकानात उपयोगाची नसते. पिशवी दाराच्या कडीला लटकत असायला हवी, चावीच्या शेजारी, आणि सामान काढून झालं की लगेच, तेव्हाच, परत तिथे जायला हवी, "नंतर ठेवू" म्हटलं की संपलं. दुसरं म्हणजे ठरवून केलेल्या खरेदीला बहुतेक जण पिशवी नेतातच, पिशव्या येतात त्या कामावरून येताना अचानक आठवलेल्या दोन वस्तूंच्या. त्यासाठी घरातलीच, पातळ कापडाची छोटी घडी होणारी एक पिशवी ऑफिसच्या बॅगेत, एक गाडीच्या डिकीत. घरातल्या प्रत्येकाच्या बॅगेत, हे महत्त्वाचं. नाहीतर काय होतं की पिशवी लक्षात ठेवायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे, म्हणजे बहुतेक वेळा बाईकडे जातं आणि बाकीचे रिकाम्या हाताने जाऊन भरलेल्या कॅरीबॅगा घेऊन येतात आणि वर म्हणतात अगं त्याने दिली.

त्याने दिली हे खरंच असतं. दुकानदाराचा हात आपल्या तोंडापेक्षा फास्ट असतो, आपण "पिशवी नको" म्हणेपर्यंत वस्तू आत गेलेली असते, आणि मग परत काढायला लावणं आपल्यालाच अवघड वाटतं. म्हणून काही मागायच्या आधी आपली पिशवी तोंड उघडून काउंटरवर ठेवायची, बोलायचीही गरज पडत नाही. आयर्लंडमध्ये २००२ मध्ये दर पिशवीला १५ सेंट कर लावला तेव्हा पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांच्या आसपास खाली आला. १५ सेंटने कुणी गरीब होत नाही, पण न मागता हातात येणारी पिशवी मागावी लागायला लागली, मला वाटतं खरी जादू तिथे आहे.

आता सगळ्यात अवघड जागा, कचऱ्याचा डबा. "कॅरीबॅग बंद केल्या तर कचरा कशात टाकायचा?" हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. कॅलिफोर्नियात जिथे जिथे पिशव्यांवर बंदी आली तिथे डब्यात घालायच्या छोट्या पिशव्यांची विक्री दुपटीहून जास्त वाढली असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. एकूण प्लास्टिक तरी कमीच झालं, पण वाटलं होतं तेवढं नाही. यावर उपाय डब्यातच आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा केला की सुक्याच्या डब्याला पिशवी लागतच नाही, तसाच ओतायचा. ओल्याच्या डब्यात तळाला जुना कागद घालायचा, रोज रिकामा करायचा आणि धुवायचा. हो, धुवावा लागतो, वास येतो, कंटाळा येतो. ज्याला नाही जमत त्याने आधी घरातल्या जुन्या पिशव्या त्यासाठी संपवाव्या, त्यात पाप नाही.

आणि ते "बायोडिग्रेडेबल" लिहिलेलं बघून विकत घेणं थांबवा प्लीज. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवली, बाहेर काढल्यावर तिच्यात सामान भरून नेता येत होतं! कंपोस्टेबल म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा पिशव्यांना मोठ्या प्लांटमधली उष्णता लागते, घरच्या कुंडीत त्या तशाच पडून राहतात.

भाजीच्या त्या पारदर्शक पिशव्यांसाठी जुन्या उशीच्या अभ्र्याच्या किंवा ओढणीच्या नाडीवाल्या छोट्या पिशव्या मस्त होतात, शिलाई सरळ नाही आली तरी चालतं. कच्च्या मांस-मच्छीला मात्र झाकणाचा डबाच न्या आणि कापडी पिशव्या कपड्यांबरोबर धूत जा.

मला अजून न सुटलेली गोष्ट म्हणजे घरपोच सामान. ऑर्डर करताना "पिशवी नको" असा पर्याय कधी असतो कधी नसतो, असला तरी आत प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत येते, आणि दारात उभ्या असलेल्या त्या पोराला बोलून काही उपयोग नाही, पॅकिंग त्याने केलेलं नसतं. कुणी यावर काही जमवलं असेल तर सविस्तर लिहा, पण "ऑनलाइन मागवूच नका" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, घरात आजारी माणूस असला की ते जमत नाही.