बटण बंद, तरी मोटार पळते कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

माझ्या ल्युकेमियावरच्या लेखात 'जनुकांची बटणं सांभाळणारी प्रथिनं बिघडतात आणि रक्ताचा कर्करोग होतो' असं वाक्य होतं. त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. बटण बंद पडलं तर मोटार थांबते, मग पेशी बेसुमार वाढतात कशा? प्रथिनांवर बोट ठेवलं की कीटकनाशकांच्या फवारणीने कर्करोग होतो का, हा प्रश्न आपसूक बाजूला पडतो. आणि सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीत सगळं दिसतं, तर जनुकांच्या महागड्या तपासण्या कशाला? पहिला मुद्दा बिनतोड आहे. बटणाची उपमाच फसली, हे कबूल.

तुम्ही रावेरचे, तेव्हा केळीवरून सांगतो. केळीचं खोड निसवेपर्यंत पानामागून पान काढतं. एकदा केळफूल बाहेर पडलं की त्या खोडाला नवं पान येत नाही, कारण पानं काढणारा कोंबच घडात बदललेला असतो. पक्व होणं आणि वाढ थांबणं ही तिथे एकच घटना आहे. हाडांच्या आत रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेतही तेच. कोवळी पेशी विभागत राहते. तिची न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) होऊ लागली की विभागणं थांबतं. ही दोन्ही कामं सी-ईबीपी-अल्फा हे एकच प्रथिन करतं. न्यूट्रोफिलला लागणारी जनुकं ते चालू करतं आणि विभाजन पुढे रेटणाऱ्या ई-टू-एफ प्रथिनांना आवर घालतं. त्याच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात बिघाड झाला की तोकडं प्रथिन तयार होतं. ते डीएनएला चिकटतं खरं, पण ई-टू-एफला दाबू शकत नाही. बाग निसवायचं विसरली आणि पानंच काढत सुटली. म्हणजे बंद पडलं ते थांबण्याचं बटण.

कधी कधी बटणावर भलताच हात येऊन बसतो. ८ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाले की रन्क्स-१ या प्रथिनाचं डीएनए धरणारं टोक शाबूत राहतं, पण पुढच्या भागाच्या जागी ईटीओ हे दुसरं प्रथिन जोडलं जातं. हे जोडप्रथिन जुन्याच पत्त्यावर जातं, मात्र जनुक उघडायचं सोडून डीएनए आवळायला लावणाऱ्या विकरांना, म्हणजे हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेजना बोलावतं. तिथला डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि पेशी कोवळीच राहते. याच्या उलटही घडतं: टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वयात येताना टाल-१ हे जनुक गप्प व्हायला हवं, ते चालूच राहिलं की टी-पेशींचा ल्युकेमिया होऊ शकतो.

हे नुसतं कागदावरचं नाही, याचा सर्वांत भक्कम पुरावा प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे अर्धवट पक्व पांढऱ्या पेशींच्या कर्करोगात मिळाला. तिथे १५ आणि १७ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून पीएमएल-रारा हे जोडप्रथिन बनतं. मूळचं रारा हे प्रथिन, अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल मिळालं की, जनुकांवरचं कुलूप सोडतं. जोडप्रथिनाला शरीरातलं नेहमीचं प्रमाण पुरत नाही. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये २४ रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्यांना ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल तोंडावाटे दिलं होतं, आणि कोवळ्या पेशी मारून न टाकता चक्क पक्व झाल्या. मोठ्यांना आजही ते रोज शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅम, दोन भागांत देतात. गाजरं किंवा अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन हे साधत नाही. जोडीला शिरेतून आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल. तो पीएमएलच्या बाजूला चिकटून जोडप्रथिनच नष्ट करवतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) एकट्या सोमलावर चांगले निकाल आले आहेत. मात्र त्याने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून वरचेवर ईसीजी काढतात आणि रक्तातलं पोटॅशियम ४ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर ठेवतात. वैदूकडची पुडी हा पर्याय नव्हे.

पेशी एकदम पक्व होऊ लागल्या की ताप, धाप, वजनवाढ असा त्रास उद्भवतो. तेव्हा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, संशय आला की लगेच सुरू करतात.

आता फवारणी. प्रथिनांनी आजार कसा घडतो ते कळतं. गुणसूत्र मुळात कशाने तुटलं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तुम्ही तो विचारलात ते योग्यच. बेन्झीन या रसायनाचा संबंध सिद्ध आहे. इटोपोसाइडसारख्या कर्करोगाच्याच औषधाने ११ व्या गुणसूत्रावरचं केएमटी-२ए हे जनुक तुटून दोन-तीन वर्षांत नवा ल्युकेमिया होऊ शकतो. कीटकनाशकांबाबत काही पाहण्यांत संबंध दिसतो, पण एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून 'हा फवारणीचाच' असं म्हणता येईल इतका पुरावा नाही. लहान मुलांत तर ईटीव्ही-६ आणि रन्क्स-१ या जनुकांची जोडणी बऱ्याचदा जन्माआधीच झालेली असते, आजार मात्र काही वर्षांनी, दुसरा बिघाड झाल्यावर उमटतो. तशी जोडणी असलेल्या बहुतेक मुलांना तो कधीच होत नाही. हातमोजे आणि मास्क घालून फवारा, हे सांगायला मात्र ल्युकेमियाचा पुरावा लागत नाही.

सीबीसी आणि स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या पेशी दिसतात. कोणतं प्रथिन बिघडलं ते दिसत नाही. वरचे ८-२१ अदलाबदलीचा आणि प्रोमायलोसायटिक हे दोन प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखे वाटू शकतात, उपचार मात्र पूर्ण वेगळे. प्रोमायलोसायटिकचा नुसता संशय आला तरी रिपोर्टची वाट न पाहता रेटिनॉइक आम्ल सुरू करायचं असतं, कारण पहिल्या काही दिवसांतला रक्तस्रावच जीव घेतो. प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर राखायच्या त्या यासाठीच.

पैसे खरे वाया जातात ते नमुना चुकल्यावर. कॅरिओटाइपसाठी (गुणसूत्रांच्या तपासणीसाठी) मज्जा हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत हवी, कारण तिथे जिवंत पेशी वाढवायच्या असतात. पीसीआरसाठी (बिघडलेलं जनुक शोधण्याच्या तपासणीसाठी) जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी; हेपॅरिन त्या तपासणीत अडथळा आणतं. नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा, गुठळी झाली की नमुना गेला. जळगाव-भुसावळहून मुंबई-पुण्याला पाठवताना २४ तासांत, फार तर ४८ तासांत पोचला पाहिजे. मे महिन्यात थर्माकोलच्या डब्यात थंड पॅक ठेवा, पण पॅक आणि नळी यांच्यामध्ये जाड कागद घाला. बर्फाला टेकून गोठलेल्या मज्जेतल्या पेशी वाढत नाहीत, आणि मग सुई पुन्हा टोचावी लागते.