आईचा अडकित्ता आणि दोन विमानतळ

गेल्या महिन्यात आईला घेऊन धाकट्या भावाकडे जाऊन आले. आई बहात्तर वर्षांची, आयुष्यभर अंबाजोगाईत राहिलेली, विमानात पहिल्यांदाच बसली. हातातल्या पिशवीत तिची चंची होती. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता. पितळी मुठीचा, लोखंडी पात्याचा, माझ्या आजीचा. मूठ अंगठ्यापाशी झिजून गुळगुळीत झालेली, खिळ्यात सुपारीचा भुगा कायमचा बसलेला.

जाताना पिशवी यंत्रातून गेली, कुणी काही विचारलं नाही. येताना दुसऱ्या विमानतळावर तीच पिशवी बाजूला काढली. जवान तरुण होता, अदबीनं म्हणाला, "माताजी, ये नहीं जाएगा." आई म्हणाली, "जाताना तर चाललं की रे लेकरा!" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मोठी बॅग आधीच कंपनीच्या ताब्यात गेलेली, विमानाची वेळ झालेली. अडकित्ता तिथल्या ट्रेमध्ये कात्र्यांच्या ढिगावर पडला. ना पावती, ना नोंद. भावानं नंतर चौकशी केली, वस्तू परत मिळत नाही असं सांगितलं.

त्या जवानावर माझा राग नाही. १९९९ च्या डिसेंबरातलं कंदाहारचं विमान अपहरण आम्ही टीव्हीसमोर बसून पाहिलंय. तपासणी कडकच हवी. पण मग जाताना काय झालं? अडकित्ता धोक्याचा असेल तर पहिल्या ठिकाणी तपासणी चुकली, आणि विमानभर माणसं त्या धोक्यासोबत उडाली. नसेल, तर दुसऱ्या ठिकाणी एका म्हातारीची वस्तू उगाच गेली. दोन्हींतली एक चूक झालीच आहे. म्हणून याला किरकोळ गैरसोय म्हणायला मी तयार नाही.

वहिनीसाठी नेलेल्या येसर मसाल्याचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचंही असंच. एका ठिकाणी डबा उघडून वास घेतात, दुसरीकडे बघतही नाहीत. नियम देशभरासाठी एकच, नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा. मात्र तो त्या दिवशी यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या नजरेवर चालतो.

नियम नेमका लिहिता येतो, हे आपल्या नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे भाविक सांगतील. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण नेता येतं: पातं ६ इंचांपर्यंत, मुठीसकट एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. मोजपट्टी लावली की वाद मिटला. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची, कारण तिनं पेट घेतला तर माणसांसमोर विझवता येतो. कारण कळलं की कुणी हुज्जत घालत नाही.

छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा आणि नांदेड, आपल्या मराठवाड्यातल्या या दोन्ही विमानतळांवर मराठीत चित्रांसह मोठे फलक लागावेत. अडकित्ता, विळी, लोणचं, तूप, चटणी, आपली माणसं खरंच जे नेतात ते त्यावर असावं. काढून घेतलेल्या वस्तूची पावती मिळावी, आणि आपल्या खर्चानं ती पोस्टानं घरी पाठवायची सोय असावी. पैसे आम्ही देऊ.

आणि फलक बॅग देण्याच्या काउंटरपाशीच हवेत. तपासणीच्या रांगेत वाचून काय करायचं? तोवर मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेलेली असते.