झटक्याने मान ‘बसत’ नाही

तासगाव-मिरज भागात एक दावा मोबाइलवर जोरात फिरतोय. जुनी मानदुखी म्हणजे सरकलेला मणका. एक झटका द्या, कट्ट आवाज आला की मणका जागेवर. व्यायाम केलात तर मान आणखी झिजेल. द्राक्षबागेत दिवसभर वर तोंड करून विरळणी करणाऱ्या बायका यावर विश्वास ठेवून मान पुढे करतात, म्हणून हे लिहितेय.

मणका सरकतो तो अपघातात, उंचावरून पडल्यावर किंवा काही आजारांत. तिथे झटका देणं जीवघेणं ठरेल. रोजच्या मानदुखीत मणका जागेवरच असतो. ‘पण फोटोत गॅप दिसलाय!’ दिसणारच. जपानमध्ये मानेचा काहीच त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, त्यात ८७.६ टक्के लोकांची दोन मणक्यांमधली चकती फुगलेली निघाली. हा अभ्यास २०१५ सालचा.

आवाजाचं म्हणाल तर तो हाड बसल्याचा नसतो. सांधा ताणला की आतल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना होतो तोच आवाज.

दुखतात ते बहुधा स्नायू. हात तासन् तास वर धरले की मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपिझियस आखडतो, त्यात दाबल्यावर कळ मारणाऱ्या गाठी होतात. तिथे जाणत्या फिजिओथेरपिस्टने सावकाश दाब दिला, सांधे हळू हलवले, तर आराम पडतो. हातांच्या उपचाराला मी मुळीच नावं ठेवत नाही. पण तो आराम बहुतेकदा थोडे दिवसच टिकतो. मान हलकी झालेल्या त्या दिवसांतच मानेचा आणि खांद्याचा जोर वाढवणारे व्यायाम सुरू करायचे असतात. व्यायामाने मान झिजते, हे साफ खोटं.

सगळ्यात गंभीर गोष्ट त्या दाव्यात येतच नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. जोराच्या पिळ्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. क्वचितच घडतं, पण घडतं.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल किंवा सोबत ताप असेल, तर मान कुणाच्याही हाती देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. अचानक, पूर्वी कधी झाली नव्हती अशी मानदुखी, त्यासोबत चक्कर किंवा जड जीभ असेल, तर लगेच, त्याच दिवशी.