‘एएस-फोर-हंड्रेड मेलं’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

पंधरा दिवसात तो मेसेज मला चार ठिकाणाहून आला. जळगाव एमआयडीसीच्या ग्रुपवर, भुसावळच्या मित्राकडून, धुळ्याहून मेव्हण्याकडून, आणि काल तर आमच्या शेठनीच पाठवला, खाली लिहून की "भाऊ, हे खरंय का?" म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

मेसेजमध्ये थोडक्यात असं म्हटलंय: एएस-४०० हे कंपन्यांचं बिलिंग, स्टॉक, पगार चालवणारं आयबीएमचं १९८८ चं हिरव्या स्क्रीनचं मशीन, आयबीएमने केव्हाच बंद केलं. त्याची प्रोग्रामिंगची भाषा आरपीजी कॉलम मोजून लिहावी लागते. जीएसटी पोर्टलला ते जोडता येत नाही आणि मराठी चालत नाही. त्याला व्हायरस लागत नाही म्हणून एकदा लावलं की बघायची गरज नाही. आणि आता त्यावरचं काम येणारी माणसं उरली नाहीत.

बंद झालं ते नाव. २१ जून १९८८ ला एएस-४०० जाहीर झालं, मग नावं बदलत गेली, आणि २००८ पासून ऑपरेटिंग सिस्टिमला आयबीएम आय म्हणतात, चालते आयबीएमच्याच पॉवर सर्व्हरवर. ७.५ व्हर्जन २०२२ ला आलं, ७.६ आलं २०२५ ला. मेलेल्या सिस्टिमचं नवीन व्हर्जन कोण काढतं? आणि जुनेपणाचंच बोलायचं तर १९९५ ला आतला प्रोसेसर ४८ बिटवरून ६४ बिटच्या पॉवरपीसीवर नेला तेव्हा लोकांचे बहुतेक जुने प्रोग्राम सोर्सला हात न लावता नव्या मशीनवर चालले, कारण प्रोग्राम आणि हार्डवेअरच्या मधे मशीन इंटरफेस नावाचा थर पहिल्यापासून ठेवलेला आहे. ते काम करणाऱ्यांबद्दल मला अजूनही फार आदर वाटतो.

आता आरपीजी. मी शिकलो तेव्हा कॉलमच होते, सहाव्या कॉलमला सी, अठरापासून फॅक्टर वन म्हणजे पहिली किंमत, अठ्ठावीसपासून ऑपकोड म्हणजे काय करायचं ती कमांड, एक जागा सरकली की कंपाईल लिस्टिंग लाल. पण फ्री फॉरमॅटमध्ये कॅलक्युलेशन लिहायची सोय २००१ ची आहे, २०१३ ला डिक्लेरेशन, म्हणजे फाईल-फिल्डच्या व्याख्यासुद्धा फ्री झाल्या, आणि २०१५ पासून पहिल्या ओळीत दोन चांदण्या आणि फ्री लिहिलं की पहिल्या कॉलमपासून कुठेही लिहा. मी आता व्हीएस कोड या पीसीवरच्या एडिटरमध्ये लिहितो, त्याला आयबीएम आयचं एक्स्टेन्शन मिळतं. ज्यांनी एसईयू हा मशीनवरचा जुना एडिटर शेवटचा उघडला आणि तिथेच थांबले, त्यांनी हा मुद्दा लिहिलाय असं मला वाटतं, कारण एसईयूला ६.१ नंतरचा सिंटॅक्स कळतच नाही.

जीएसटीचं तर मला रागच येतो, कारण ते मी स्वतः केलंय. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटीच्या वरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागलं, तेव्हा आम्ही मशीनच्याच डीबीटू डेटाबेसच्या एसक्यूएलमधे बिलाचा जेसन (पोर्टलला लागतो तो मजकूर) बनवला, एचटीटीपी पोस्ट फंक्शनने जीएसपीच्या, म्हणजे जीएसटी पोर्टलला जोडून देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिसला पाठवला, आलेला आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) आणि क्यूआर परत फाईलला लिहिला, मधे दुसरा कुठला सर्व्हर नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा आमच्याकडे दर तारखेसकट टेबलमध्ये होते म्हणून नव्या तारखेच्या ओळी टाकल्या आणि काम झालं. ज्यांनी बारा टक्के थेट प्रोग्राममध्ये लिहून ठेवले होते त्यांनी रात्री काढल्या असतील, पण तो लिहिणाऱ्याचा दोष, मशीनचा नाही. मराठीचंही तेच, फिल्ड सीसीएसआयडी १२०८ नी, म्हणजे युनिकोडच्या यूटीएफ-८ अक्षरसंचाच्या नंबराने बनवा, शेतकऱ्याचं नाव देवनागरीत साठतं आणि पीडीएफला छापतं. फाईल ६५५३५ वर सोडली तर सिस्टिम अक्षरं बदलतच नाही, मग कचरा दिसतो आणि दोष मशीनला.

सगळ्यात घातक मुद्दा व्हायरसचा, कारण तो कौतुकासारखा दिसतो आणि लोक खूश होऊन झोपतात. विंडोजचा व्हायरस इथे प्रोग्राम म्हणून चालत नाही हे बरोबर, कारण इथे प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट आहे, डेटा फाईलला प्रोग्राम म्हणून चालवताच येत नाही. पण नेटसर्व्हरवर, म्हणजे पीसीला फाईली शेअर करणाऱ्या सोयीवर, कुणीतरी रूट (सगळ्यात वरचं फोल्डर) पूर्ण शेअर केलेलं असेल आणि अकाउंटच्या पीसीवर तो ड्राइव्ह मॅप असेल, तर त्या पीसीत शिरलेलं रॅन्समवेअर तिकडच्या फाईली लॉक करणारच, त्याला काय माहीत पलीकडे पॉवर सर्व्हर आहे.

एका कारखान्यात मला बोलावलं होतं, नाव सांगत नाही. पहिली कमांड दिली डिफॉल्ट पासवर्ड तपासायची, एएनझेडडीएफटीपीडब्ल्यूडी. एकेचाळीस युजर प्रोफाईलचा पासवर्ड आणि नाव एकच निघालं, स्टोअर्सचा पासवर्ड स्टोअर्स, गेटचा गेट. त्यातल्या सहांना, गेटसकट, ऑल-ऑब्जेक्ट ऑथॉरिटी, सगळ्या गोष्टींवर पूर्ण हक्क, म्हणजे गेटवरचा माणूस पगाराची फाईल उडवू शकतो. क्यूसिक्युरिटी, म्हणजे सिस्टिमची सुरक्षेची पातळी, ३० वर. ती ४० वर न्यायची असते, पण आधी ऑडिट जर्नल (सुरक्षेच्या नोंदी) लावून काय अडेल ते महिनाभर बघायचं, एकदम बदलून आयपीएल मारला, म्हणजे मशीन रीस्टार्ट केलं, तर सोमवारी बिलिंग बंद. ७.५ पासून नवीन प्रोफाईलचा पासवर्ड आपोआप नावासारखा होत नाही, जुने मात्र तसेच राहतात, ते आपणच निस्तरायचे.

आणि लावलं की विसरा म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्याकडे यावं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, लाईट गेली, एसी बंद, यूपीएसची सिग्नल केबल लावलेलीच नाही. लाईट गेल्याचा सीपीएफ१८१६ मेसेज कुठून येणार? बॅटरी संपली, मशीन धाडकन पडलं, आणि उठताना अ‍ॅक्सेस पाथ, म्हणजे फाईलींचे इंडेक्स, पुन्हा बांधत बसलं, डिस्पॅचच्या गाड्या तोवर गेटवर. केबल आणि यूपीएसच्या दोन सिस्टिम व्हॅल्यू (सेटिंग), एवढंच काम होतं.

माणसं कमी आहेत हे मी मान्य करतो. पण विद्यापीठातून निघणाऱ्या पोरांना हे मशीन बघायलाच मिळत नाही, तर येणार कुठून? पब४०० नावाच्या सर्व्हरवर फुकट अकाउंट मिळतं, खऱ्या आयबीएम आयवर. माझ्या पुतण्याने दोन महिन्यात त्यावर आरपीजी धरली, एसक्यूएल त्याला आधीच येत होतं.

शेठ, तुम्ही विचारलं म्हणून एवढं लिहिलं. येत्या रविवारी सेव्ह मेनूचा एकवीस नंबर चालवायचाय, पूर्ण सिस्टिमचा बॅकअप, तेव्हा सगळ्यांना बाहेर पडावं लागेल. डिस्पॅचवाल्यांना शनिवारीच सांगून ठेवा, आणि नवीन दोन टेप आणायच्या आहेत.