नुसत्या पेटीने भागत नाही

सोलरवर चालणाऱ्या केबिनबद्दल ‘थर्माकोलच्या पेटीत बॅटरी ठेवली की थंडीची चिंता मिटली’ असं म्हणतात, ते काही पटलं नाही. थर्माकोल ऊब टिकवतो, तयार करत नाही. केबिन आठवडाभर बंद राहिली की पेटीही बाहेरच्याइतकीच गार. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उणे २० अंशांपर्यंत वीज देते, पण शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचून क्षमता कायमची घटते. खरी गोची सकाळी होते: सोलर पॅनेलवर ऊन येऊन चार्जिंग सुरू, पण बॅटरीच्या आतले सेल अजून गारठलेले. माझ्याकडे पेटीच्या भिंतीवर ४ अंश दिसत होते, सेलला चिकटवलेल्या सेन्सरवर उणे २! थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे का, ते आधी बघा.

लेड-ॲसिडवाल्यांनी मात्र बॅटरी फुल ठेवूनच निघावं. उतरलेली बॅटरी उणे १०च्या आसपासच गोठते आणि डबा तडकतो.